‘लग्न झालं की सुटेल’ हे कितपत खरं?

हार्बर मार्गावर पनवेलच्या आधीचे स्थानक खांदेश्वर. एका अंगाला कामोठे, दुसऱ्या अंगाला खांदा कॉलनी आणि नवीन पनवेल. संध्याकाळी सातनंतरच्या लोकलमधून इथे जी गर्दी उतरते तिच्यात विशी-पंचविशीतली मुले पुष्कळ असतात. कोणी सातारा-सांगलीकडून आलेला, कोणी बीड-लातूरकडून, कोणी महाड-पोलादपूरहून. कोणी कॉलेजात शिकतो, कोणी बेलापूरच्या कार्यालयात आहे, कोणी तळोज्याच्या कारखान्यात. तिघे-चौघे मिळून एक फ्लॅट भाड्याने घेतात, डबा लावतात. घरातल्या मोठ्यांची नजर पहिल्यांदाच दूर गेलेली असते आणि हातात पहिल्यांदाच स्वतःचे पैसे आलेले असतात. मग शुक्रवारी रात्री बीअर, पगाराच्या आठवड्यात क्वार्टर आणि चखणा, एखाद्याच्या खोलीवर गांजा भरलेली सिगारेट. खांदेश्वरातच असे घडते असे नाही. नोकरी-शिक्षणासाठी मुले जिथे जमतात त्या प्रत्येक वस्तीत थोड्याफार फरकाने हेच दिसते.

गावी ही बातमी पोहोचते तेव्हा आई रडते, वडील फोनवर ओरडतात आणि घरातले कोणी काका किंवा मामा समजूत घालतात, “वय आहे, करतात पोरं. लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल.” वर्षभरात मुलगी बघायला सुरुवात होते.

या सल्ल्याला अगदीच आधार नाही असे म्हणता येत नाही. उलट व्यसनांच्या अभ्यासातल्या एका जुन्या निष्कर्षाशी तो चांगला जुळतो. पण तो निष्कर्ष कोणत्या समाजात आणि कोणत्या मुलांवरून काढलेला आहे हे पाहिले की काळजी वाटू लागते.

चार्ल्स विनिक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये अफूजन्य पदार्थांच्या व्यसनींच्या सरकारी नोंदी तपासल्या. बरीच नावे तिशीनंतर यादीतून गळत गेली होती. ही माणसे वयानुसार व्यसनातून ‘पिकून बाहेर पडली’, असा अंदाज त्याने मांडला. नोंदीतून नाव गेले म्हणजे व्यसन सुटलेच असे नाही, माणूस मेलेला किंवा तुरुंगात असू शकतो, अशी टीका त्यावर झाली आणि ती योग्यच होती. पण कल्पना टिकली. मिशिगन विद्यापीठाचा एक मोठा अभ्यास १९७५ पासून अखंड चालू आहे. दरवर्षी अमेरिकेतल्या शाळेच्या शेवटच्या वर्गातील हजारो मुलांना दारू, सिगारेट, गांजा यांबद्दल प्रश्न विचारले जातात आणि त्यांतल्या काहींचा पुढे कित्येक दशके पाठपुरावा होतो. पहिल्या तुकड्या आता साठी ओलांडून गेल्या आहेत. एकाच माणसाला अठराव्या, बाविसाव्या, तिसाव्या, पन्नासाव्या वर्षी तोच प्रश्न विचारल्यावर काय दिसते? एका बैठकीत भरपूर पिण्याचे प्रमाण विशीच्या सुरुवातीला शिखर गाठते आणि मग उतरते. गांजाचा आलेखही बराच काळ तसाच होता.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही उतरण कशामुळे येते, हेही या अभ्यासाने उलगडले. घर सोडून वसतिगृहात गेलेल्यांचे पिणे वाढले. आईवडिलांसोबत राहिलेल्यांचे तितके वाढले नाही. साखरपुडा झाल्यावर, म्हणजे लग्नाच्याही आधी, ते कमी होऊ लागले. लग्नानंतर आणखी घटले, बायको गरोदर असताना आणखी. आणि घटस्फोट झालेल्यांचे पुन्हा वाढले. म्हणजे वाढदिवस मोजत बसून काही होत नाही. माणसाच्या रोजच्या दिवसाची घडी बदलते, रात्री अकरा वाजता घरी कोणीतरी वाट पाहत असते, सकाळी बाळाला डॉक्टरकडे न्यायचे असते, मित्रही एकेक करून आपापल्या संसाराला लागलेले असतात, आणि पिण्याला जागाच उरत नाही.

स्वीडनमध्ये तर १९६० ते १९९० दरम्यान जन्मलेल्या सुमारे ३२ लाख लोकांच्या राष्ट्रीय नोंदी तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लग्न झालेल्या पुरुषांमध्ये दारूची समस्या नव्याने सुरू होण्याचा धोका अविवाहितांच्या निम्म्याहूनही कमी होता, स्त्रियांमध्ये आणखी कमी. भावंडांची आपसात तुलना करूनही फरक टिकला. पण जोडीदारालाच दारूची समस्या असेल, तर लग्नाने धोका उलट वाढत होता. शिवाय हा अभ्यास समस्या नव्याने सुरू होण्याबद्दल आहे. आधीच अडकलेल्याला लग्नाने सोडवले, असे तो सांगत नाही. त्याबद्दलचा पुरावा मिश्र आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर लग्नाआधी जास्त पिणाऱ्यांमध्येच लग्नानंतरची घट मोठी दिसली. काका-मामांना आनंद व्हावा असा हा निष्कर्ष. मात्र ती लग्ने बहुतेक एकमेकांना ओळखून, काही काळ सोबत राहून, जोडीदाराचे पिणे डोळ्यांनी पाहून केलेली होती. ‘दारू की मी’ असा प्रश्न तिथली मुलगी विचारू शकते, आणि उत्तर आवडले नाही तर निघून जाऊ शकते.

इथला आलेख वेगळा

आता आपल्याकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील सुमारे १९ टक्के पुरुष दारू पितात. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १४ टक्के. स्त्रियांमध्ये देशात सुमारे एक टक्का, महाराष्ट्रात त्याहूनही कमी. म्हणजे राज्यातले बहुसंख्य पुरुष दारू पीतच नाहीत. ‘आजकाल सगळेच घेतात’ हे वाक्य पार्टीत खरे वाटते, आकडेवारीत ते खरे नाही.

पण वयोगटांनुसार पाहिले तर चित्र अमेरिकेच्या उलटे आहे. पिणाऱ्यांचे प्रमाण किशोरवयात कमी, विशीत वाढलेले आणि पस्तीस ते पन्नासच्या टप्प्यात सर्वाधिक. याच वयात जवळजवळ सगळ्यांची लग्ने झालेली असतात, मुले शाळेत असतात. लग्नाने उतरण यायची असती, तर ती इथे दिसायला हवी होती.

असे का व्हावे? एक कारण पैशाचे. विशीत खिशाला न परवडणारी गोष्ट पस्तिशीत परवडते. दुसरे कारण परवानगीचे. वडिलांसमोर न पिणारा मुलगा स्वतः बाप झाला की त्याला विचारणारे घरात कोणी उरत नाही. तिसरे कारण पिण्याच्या जागेचे. आपल्याकडचा पुरुष बायकोबरोबर जेवताना पेला भरत नाही. तो परमिट रूममध्ये, मित्राच्या गाडीत, ढाब्यावर, हळदीच्या रात्री मांडवामागे पितो. संसार आणि दारू हे दोन वेगवेगळे कप्पे राहतात. पाश्चात्त्य तरुणाचे पिणे लग्नाने उधळले जाते, कारण त्याची संध्याकाळच बदलते. इथे कित्येक घरांत लग्नाने पुरुषाची संध्याकाळ फारशी बदलतच नाही. बदलते ती त्याच्या बायकोची.

आणि सुरुवातीचे वयही सरकते आहे. या बाबतीत आपल्या शेजारचा, गोव्याचा अभ्यास फार बोलका आहे. उत्तर गोव्यातल्या शहरी आणि ग्रामीण भागांतील २० ते ४९ वर्षांच्या सुमारे १९०० पुरुषांना त्यांचा पहिला प्याला कधीचा, हे विचारले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९५६ ते १९६० दरम्यान जन्मलेल्यांमध्ये किशोरवयातच सुरुवात केलेले १९.५ टक्के निघाले. १९८१ ते १९८५ दरम्यान जन्मलेल्यांमध्ये ७४.३ टक्के. एका पिढीच्या अंतरात एवढा फरक. पंचेचाळिशीतल्या माणसाला आपला पहिला घोट नेमका कितव्या वर्षी होता हे आठवेलच असे नाही, त्यामुळे दशांशचिन्हापुढच्या अंकावर फार विसंबू नये. पण दिशा स्पष्ट आहे. त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली. किशोरवयात सुरुवात केलेल्यांना मोठेपणी दारूवर अवलंबून राहण्याचा, दारूमुळे इजा होण्याचा आणि मानसिक त्रासाचा धोका उशिरा सुरुवात करणाऱ्यांपेक्षा बराच जास्त होता. गोव्यात दारू स्वस्त आणि सहज मिळणारी, म्हणून तिथले आकडे जसेच्या तसे रायगड जिल्ह्याला लावता येणार नाहीत. तरीही पनवेलहून सकाळी निघालेली गाडी संध्याकाळी गोव्यात पोहोचते, आणि ‘गोवा ट्रिप’ हा अनेक मुलांच्या पिण्याचा पहिला धडा असतो, हे कोणत्याही कॉलेजात विचारून पाहावे.

अमेरिकेतल्या १९९७ च्या एका मोठ्या विश्लेषणात चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी पिणे सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक आयुष्यात कधी ना कधी दारूवर अवलंबून झाले होते. विसाव्या वर्षी किंवा नंतर सुरू केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर पिणे हे कारण की आधीच असलेल्या अडचणींचे लक्षण, यावर वाद आहे. घरात मारहाण होत असेल, वडील पीत असतील, मुलगा स्वभावानेच धाडसी असेल, तर तो लवकरही पितो आणि पुढे अडकतोही. बहुधा दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मेंदूच्या बाजूने पाहिले तर किशोरवय धोक्याचे का, हे समजते. बक्षिसाची, थराराची ओढ लावणारी मेंदूतली यंत्रणा लवकर जागी होते. थांब म्हणणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. शिवाय प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की कोवळ्या वयात दारूने येणारी गुंगी आणि तोल जाणे कमी असते. आता पुरे, असे जे संकेत प्रौढ शरीर देते ते उशिरा मिळतात, आणि जास्त प्यायले जाते. ‘मला चढतच नाही’ अशी फुशारकी मारणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला ती ताकद वाटते. डॉक्टरला ती धोक्याची खूण वाटते.

महाराष्ट्रात बीअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे, शिवाय पिण्यासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना देशीसाठी दोन रुपयांचा आणि विदेशीसाठी पाच रुपयांचा. नवीन पनवेलमध्ये दुकानावर रांग लावणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो कागद कधी पाहिला असेल, हा वेगळाच विषय.

गांजाचे तसे नाही

भांग, गांजा आणि चरस एकाच झाडाचे. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा मात्र त्यांत फरक करतो. चरस म्हणजे राळ आणि गांजा म्हणजे फुलोरा, या दोन्हींवर बंदी. नुसती पाने त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून देशाच्या काही भागांत महाशिवरात्रीला आणि होळीला भांग उघड प्यायली जाते आणि त्याच झाडाचा फुलोरा खिशात सापडला तर पोलीस चौकी गाठावी लागते. दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक या झाडाचा कोणता ना कोणता पदार्थ वापरत असल्याचे आढळले. त्यांत भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख, गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख. काही दोन्ही घेणारे. दारू पिणारे त्याच सर्वेक्षणात सुमारे १६ कोटी.

गांजाचे पुष्कळांच्या बाबतीत खरोखरच वयानुसार सुटते. देणारा मित्र शहर सोडून जातो. वास लपत नाही. कायद्याची भीती असते. नोकरीत लघवीची तपासणी होते. जहाजावर जाणाऱ्या मुलांना हे चांगले ठाऊक असते, कारण नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचे अंश कित्येक आठवडे सापडतात. दारूला समाजात जी बसायची जागा आहे ती गांजाला पांढरपेशा घरात नाही. साहेबांबरोबर पेला उचलता येतो, चिलीम ओढता येत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीच्या हिशेबाने गांजा कधी ना कधी वापरलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के त्यावर अवलंबून होतात, दारूच्या बाबतीत सुमारे २३ टक्के.

इथपर्यंत वाचून एखादा तरुण म्हणेल की मग गांजा बरा. पण गांजाचा मुख्य धोका या हिशेबात येतच नाही. आपल्या मेंदूत गांजासारखे काम करणारी काही नैसर्गिक रसायने असतात. त्यांतले पहिले १९९२ मध्ये राफेल मेशोलम यांच्या इस्रायलमधील प्रयोगशाळेत सापडले, तेव्हा त्याला संस्कृत ‘आनंद’वरून ‘आनंदामाइड’ असे नाव दिले गेले. मेंदूच्या जोडण्या पक्क्या करण्याच्या वयात ही रसायने महत्त्वाचे काम करतात. त्याच जागांवर गांजातला टीएचसी हा घटक जाऊन बसतो. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा जन्मापासून पाठपुरावा सुरू आहे. पंधराव्या वर्षापर्यंत गांजा ओढू लागलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांमध्ये सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाच्या गटातली लक्षणे दिसली, इतरांत सुमारे ३ टक्क्यांमध्ये. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांपैकी ज्यांनी पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढला होता, त्यांना पुढील पंधरा वर्षांत स्किझोफ्रेनिया होण्याचा धोका सहापट निघाला. इतर कारणे वजा केल्यावर हा आकडा खाली आला, पण धोका नाहीसा झाला नाही. गांजा ओढणाऱ्या बहुसंख्यांना हा आजार होत नाही, हेही खरे. मात्र घराण्यात कोणाला असा आजार असेल, किंवा ओढल्यावर ‘लोक माझ्याकडेच बघतात, माझ्याविरुद्ध काहीतरी चाललंय’ असे वाटू लागत असेल, तर वय वाढण्याची वाट पाहणे महागात पडते. हा आजार नेमका त्याच वयात, अठरा ते तिशीच्या दरम्यान, डोके वर काढतो. खांदेश्वरच्या भाड्याच्या खोलीत मुलगा दोन महिने अंघोळ करत नाही, कामावर जात नाही, स्वतःशी बोलतो, आणि खोलीवरचे मित्र म्हणतात, “माल जास्त झालाय.” त्यात सहा महिने जातात.

मालही पूर्वीचा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजातील टीएचसी १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होता, २०१४ पर्यंत सुमारे १२ टक्के झाला. मातीविना, दिव्यांखाली वाढवलेला हायड्रोपोनिक गांजा बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांमध्ये मुंबई विमानतळावर गेल्या काही वर्षांत वारंवार सापडतो आहे. नवी मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२५ मध्ये ‘नशामुक्त नवी मुंबई’ मोहीम सुरू केली ती याच पार्श्वभूमीवर. आणि ज्या अमेरिकेच्या आकड्यांवरून ‘वयाने सुटते’ हे गृहीतक उभे राहिले, तिथेही चित्र बदलले आहे. अनेक राज्यांत गांजा कायदेशीर झाल्यानंतर २०२२ मध्ये रोज किंवा जवळजवळ रोज गांजा घेणारे सुमारे १ कोटी ७७ लाख होते, रोज किंवा जवळजवळ रोज दारू पिणारे सुमारे १ कोटी ४७ लाख. दुकानात मिळू लागलेली, घरात चालू लागलेली गोष्ट तिशीत सुटत नाही. आपल्याकडची दारू हेच तर सांगत आली आहे.

श्रावणाची परीक्षा

मग कोणाचे सुटेल आणि कोणाचे नाही, हे आधी ओळखता येते का? नेमके नाही, पण काही खुणा आहेत. सोळा-सतराच्या आत झालेली सुरुवात. वडील, काका, आजोबा यांपैकी कोणाचे व्यसन. मित्र नसताना एकट्याने घेणे. मजेसाठी सुरू झालेली गोष्ट झोप लागावी, भीती जावी, दुःख विसरावे म्हणून घेतली जाणे. सकाळी हात थरथरतात म्हणून एक पेग मारणे. शेवटची खूण दिसली तर तो मुलगा वयाच्या उतरणीवर नाही हे नक्की.

यावर ठरलेले उत्तर असते, “मी श्रावण पाळतो. महिनाभर थेंबाला शिवत नाही, म्हणजे मला व्यसन नाही.” गटारीला मनसोक्त पिऊन दुसऱ्या दिवशी बंद करणारे आपल्याकडे हजारोंनी आहेत. महिनाभर थांबता येणे चांगलेच आहे, शरीरालाही त्याचा फायदा होतो. पण व्यसनाची परीक्षा थांबण्यात नसते, पुन्हा सुरू केल्यावर किती आणि कसे सुरू होते यात असते. अनेक व्यसनी माणसे आयुष्यात दहा-दहा वेळा थांबलेली असतात. श्रावण संपल्यावर गणपतीपर्यंत पुन्हा पहिल्याच मापावर गाडी येत असेल, तर श्रावणाने काही सिद्ध केलेले नाही. उलट ज्या वर्षी श्रावण पाळणे जमले नाही, ते वर्ष घरच्यांनी लक्षात ठेवावे.

लग्न हा उपचार मानला की बिल मुलीच्या नावावर फाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत, नवरा वारंवार दारूच्या नशेत असतो असे सांगणाऱ्या सुमारे ७० टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव सांगितला. न पिणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. तेही कमी नाहीच. मुलीकडच्यांना ‘पार्टीत कधीतरी घेतो’ एवढेच सांगितले जाते. तिला खरे कळते ते पहिल्या दिवाळसणाच्या सुमारास, आणि तोवर ‘तू त्याला सांभाळलं नाहीस’ हा ठपकाही तयार असतो. पुण्यातले ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून सुरू केले. तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा स्वतंत्र गट चालतो. कारण नवरा दाखल झाला तरी बायकोच्या अंगात भिनलेली भीती, हिशेब, लपवाछपवी तिच्याकडेच राहते.

घरोघरचा दुसरा घातक उपाय म्हणजे न सांगता जेवणात घालायची गोळी किंवा पावडर. भिंतींवर, लोकलच्या डब्यात तिच्या जाहिराती असतात. त्यांतल्या कित्येकांत काय आहे हे कोणालाच माहीत नसते. काही घरांत डायसल्फिरम हे खरे औषध चोरून दिले जाते. शरीरात दारूचे विघटन होताना ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि एरवी लगेच नष्ट होतो. डायसल्फिरम तो नष्ट होऊ देत नाही. मग दारू प्यायल्यावर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हे जाणून, स्वतःच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. काहीच माहीत नसलेल्या माणसाने त्यावर क्वार्टर रिचवली तर जीवही जाऊ शकतो.

तितकीच धोकादायक गोष्ट म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम दारू बंद करणे. शेवटच्या प्याल्यानंतर काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या-दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम, ताप, नसलेली माणसे दिसणे. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते आणि योग्य औषधांनी टाळता येते. हाड मोडून रुग्णालयात दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी अचानक बडबडू लागतो, सलाइन उपसतो, तेव्हा कारण बहुधा हेच असते. दाखल होताना ‘कधीतरी घेतो’ असे सांगितलेले असते. गांजा सोडताना झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते; पण त्याने जीव जात नाही.

उपचार मिळतात का, हा खरा प्रश्न. २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाला होता. खांदेश्वरच्या बाबतीत अंतर हे निमित्त देता येत नाही. शेजारी कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, पनवेलमध्ये उपजिल्हा रुग्णालय आहे. केंद्र सरकारच्या दोन मोफत फोन सेवा आहेत: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ १४४१६. गांजाच्या बाबतीत पोलिसांची भीती आड येते. पण अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ असे आहे की थोड्या प्रमाणातील पदार्थाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. हे कलम फार थोड्या पालकांना माहीत आहे.

आणि प्रत्येकाला महिनाभर दाखल व्हावे लागत नाही. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या, पण अजून पुरते अडकलेले नाहीत अशा ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर समुपदेशन मिळाले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसोपचारतज्ज्ञही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. किती पितोस, त्यातून काय मिळते, काय जाते, कोणत्या वेळी हात बाटलीकडे वळतो, तेव्हा दुसरे काय करता येईल, मित्राला नाही कसे म्हणायचे, असे बोलणे. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. आदल्या दोन आठवड्यांत थेंबही न घेतलेले पहिल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात १८ टक्के. वर्षानंतर पाहिले तेव्हाही फरक टिकलेला होता. समुपदेशन न मिळालेल्यांतलेही चौथा हिस्सा आपले आपण सुधारले, ही गोष्ट काका-मामांच्या बाजूची. उरलेल्या तीन हिश्श्यांचे काय, हे मुलगी बघायला निघण्याआधी विचारायला हवे, आणि ते विचारायला पनवेलच्या रुग्णालयातला केसपेपर पुरतो.